वाचकांचे प्रश्न : अपंगत्व भत्त्याचा फेटाळलेला अर्ज

प्रश्न : माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये असते. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे. काही दिवस ती बऱ्यापैकी वावरते, तर काही दिवस तिला अंथरुणातून उठवतही नाही. 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' या भत्त्यासाठी फोनवरून मूल्यमापन झाले आणि अर्ज फेटाळला गेला. ती मायक्रोवेव्हमध्ये जेवण करते आणि दोनशे मीटरपेक्षा जास्त चालते, असे कारण दिले आहे. आता काय करावे?

उत्तर : निर्णयपत्रावरील तारखेपासून एक महिन्याच्या आत फेरविचाराची मागणी करावी, ती पायरी ओलांडल्याशिवाय न्यायाधिकरणाकडे अपील करता येत नाही. मूल्यमापनाच्या संपूर्ण अहवालाची प्रतही लगेच मागवावी.

या भत्त्यात आजाराच्या नावाला गुण नसतात, आजारामुळे काय अडते त्याला असतात. दैनंदिन जीवन आणि हालचाल असे दोन भाग असून कोणत्याही एका भागात 8 गुण मिळाले तर त्याचा साधारण दर आणि 12 मिळाले तर वाढीव दर लागू होतो. मात्र एखादी कृती सुरक्षितपणे, समाधानकारक रीतीने, गरजेनुसार पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत होत असेल तरच ती जमते असे धरावे, असा नियम आहे, आणि नेमका हाच नियम घाईच्या मूल्यमापनात बाजूला पडतो. दोनशे मीटर चालल्यावर बहिणीला उरलेला दिवस पडून राहावे लागत असेल, तर ते अंतर तिला जमते असे म्हणता येणार नाही. मायक्रोवेव्हचा उल्लेख तर तिच्याच बाजूचा ठरू शकतो : नेहमीच्या शेगडीवर साधे जेवण शिजवता येत नाही, पण मायक्रोवेव्हमध्ये येते, अशा व्यक्तीला 2 गुण देण्याची तरतूद आहे.

चढउताराच्या आजारात साधारणपणे बारा महिन्यांतील निम्म्याहून अधिक दिवसांची स्थिती विचारात घेतात. त्यामुळे तिने रोजची नोंद ठेवावी : किती चालले, मध्ये किती वेळा थांबावे लागले, दुसऱ्या दिवशी काय झाले. (कोणी विचारले की 'ठीक आहे' म्हणून मोकळे होण्याची सवय इथे फार महागात पडते.) तज्ज्ञ डॉक्टरांच्या पत्रातही निदानापेक्षा या अडचणींचे वर्णन असावे.

फेरविचारातही नकार आला तरी अपील जरूर करावे. न्यायाधिकरण अर्जावरील मूळ निर्णयाच्या दिवशी असलेली स्थितीच पाहते. त्यानंतर आजार बळावला असल्यास त्यासाठी नवा अर्ज करावा लागेल.