एक्झॉस्टसाठी कर्ज काढण्याआधी टायर बघा

प्रश्न : वय २७, नोकरीला चार वर्षं झाली. दोन सिलेंडरची ३०० सीसीची स्पोर्ट बाईक आहे, तिच्या कर्जाचे १४ हप्ते बाकी आहेत. रोज ऑफिस, सुट्टीला लांबची राइड आणि वर्षातून दोन ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली बाईक पळवायचा दिवस). वरच्या गियरमध्ये बाईक दमते असं वाटतं. फुल सिस्टिम एक्झॉस्ट (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत सगळे पाइप), फ्यूल कंट्रोलर (इंजिनाला जाणारं पेट्रोल ठरवणारा बॉक्स) आणि डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ट्यूनिंग, एअर फिल्टर, रिअरसेट (वर-मागे सरकवलेले फूटपेग), स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर दाबणारा), लिव्हर, टेल टायडी (मागच्या मडगार्डच्या जागी छोटा भाग), वायझर अशी यादी काढली आहे. हे सामान विकणारेच १२ टक्क्यांनी २४ महिन्यांचं कर्ज करून देतात. हप्ता सहज झेपतो. शिल्लक मात्र दीड महिन्याच्या खर्चाएवढीच आहे. घेऊ का? बाईकचा फोटो सोबत जोडला आहे.

उत्तर : कर्ज घेऊ नका. बाईकवर खर्च करायचा की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर 'जरूर करा' असंच आहे. फक्त यादी बदलावी लागेल आणि क्रम उलटा करावा लागेल.

तुम्ही पाठवलेल्या रकमा मी इथे देत नाही. बाईकची किंमत १०० भाग धरतो, म्हणजे हिशेब तुम्हालाही पटकन कळेल आणि तुमच्यासारख्या इतरांनाही. तुमच्या यादीत एक्झॉस्ट १४ भाग, कंट्रोलर आणि डायनो ६, रिअरसेट ५, डॅम्पर ४, लिव्हर आणि टेल टायडी दीड-दीड, फिल्टर आणि वायझर एक-एक. एकूण ३४. म्हणजे एक तृतीयांश बाईक तुम्ही दुसऱ्यांदा विकत घेताय. तुमचा महिन्याचा खर्च ७ भागांचा आहे आणि बँकेत आहेत १० भाग.

आता ते १२ टक्के. तुम्ही कोटेशनचा कागद पाठवलात हे बरं केलंत, कारण घोडं तिथेच पेंड खातंय. कागदावर व्याजाच्या रकान्यात 'फ्लॅट' असा एक शब्द आहे. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत जाल तरी व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लागणार. ३४ भागांवर दोन वर्षांचं २४ टक्के, म्हणजे ८ भागांहून थोडं जास्त. फेड ४२ भागांची आणि हप्ता पावणेदोन भागांचा. हाच हप्ता घटत्या शिल्लकीच्या (उरलेल्या मुद्दलावरच व्याज) हिशेबात बसवून पाहिला तर व्याजाचा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. तुमच्या बाईकच्या कर्जाचा दर याच्या निम्माही नाही. दुकानदार खोटं बोललेला नाही, १२ हा आकडा कागदावर खराच आहे. त्याच्याकडून कर्ज घेणार नसलात तरी कुठेही सही करण्याआधी 'घटत्या शिल्लकीवर दर किती?' एवढं विचारायची सवय लावून घ्या.

'हप्ता झेपतो' हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण जो पावणेदोन भाग दर महिन्याला झेपतो, तो बाजूला टाकलात तर विसाव्या महिन्यात ही सगळी यादी रोखीने घरात येते. कर्जात उरलेले साडेचार महिने तुम्ही फक्त व्याजासाठी भरणार आहात. शिवाय शिल्लक दीड महिन्याची आणि डोक्यावर एकाच वाहनाचे दोन हप्ते, अशा स्थितीत नोकरीत खंड पडला किंवा हात मोडला, तर आधी विकायला निघेल ती बाईकच.

पैशाचं झालं. आता बाईककडे येतो, कारण 'दमते' या शब्दावर मला जरा बोलायचंय.

दोन सिलेंडरच्या ३०० सीसी इंजिनाची ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आतबाहेर असते. फुल सिस्टिम आणि नीट केलेलं मॅपिंग (कधी किती पेट्रोल द्यायचं याचं सेटिंग) मिळून त्यात थोडीशी भर पडते, तीही बहुतेक वेळा रेड लाइनच्या, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या, जवळ. म्हणजे ऑफिसला जाताना तुम्ही ज्या आरपीएमवर असता तिथे जवळपास काहीच नाही. आवाज बदलतो, वजन थोडं उतरतं, आणि आवाज बदलला की बाईक जोरात पळतेय असं कानाला वाटू लागतं. हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

कंपन्यांनी स्वतः काय केलं ते पाहा. कावासाकीला निंजा २५० मधून जास्त दम काढायचा होता, तेव्हा सिलेंडरचा ६२ मिलिमीटरचा बोअर (आतला व्यास) तसाच ठेवून स्ट्रोक (पिस्टनची खालीवर धाव) ४१.२ वरून ४९ केला आणि २९६ सीसीची निंजा ३०० आणली. होंडानेही सीबीआर २५० आर ची ३०० करताना ७६ चा बोअर ठेवला आणि स्ट्रोक ५५ वरून ६३ वर नेला. यामाहाने उलटं केलं : आर२५ चा ४४.१ चा स्ट्रोक कायम ठेवला आणि बोअर ६० चा ६८ करून ३२१ सीसीची आर३ काढली. तिघांच्याही हाताशी सायलेन्सर होते, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) होते, डायनो तर दिवसरात्र चालू असणार. तरी छोट्या इंजिनातून खरा दम काढायची वेळ आली तेव्हा तिघांनी सीसीच वाढवले. २०१८ मध्ये कावासाकीने ४०० आणली तेव्हाही तेच. इंजिनात हवा जेवढी मावते तेवढीच मावते, आणि ही इंजिनं कारखान्यातूनच बऱ्यापैकी पिळून आलेली असतात.

मग वरच्या गियरमधल्या दमण्याचं काय? त्यावर अर्ध्या भागाचा उपाय आहे. पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १४ दात्यांचं असेल तर १३ दात्यांचं लावा. गियरिंग साडेसात टक्क्यांनी आखूड होतं आणि प्रत्येक गियरमध्ये मागच्या चाकावरची ओढ तेवढीच वाढते, खालच्या आरपीएमलाही. एक्झॉस्ट हे देत नाही. बदल्यात हायवेवर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल, पेट्रोल थोडं जास्त खाईल, आणि वेगाचा सेन्सर गियरबॉक्सवर असेल तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल. नाही आवडलं तर जुनं स्प्रॉकेट परत चढवता येतं. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बरेच झिजले असतील तर मात्र तिन्ही एकदमच बदला, झिजलेल्या चेनवर नवे दाते फार टिकत नाहीत.

आता तुमचा फोटो. मी तो मोठा करून पाहिला. मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट झालाय, रोजच्या सरळ रस्त्याने घासलेला. आणि कडेला, बाहेरच्या बोटभर भागात, नव्या टायरला असतात ती रबराची केसं अजून तशीच उभी आहेत. म्हणजे दोन ट्रॅक डे होऊनही बाईक त्या कडेपर्यंत झुकलेली नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. पण रिअरसेट लोक लावतात ते वळणात फूटपेग जमिनीला घासायला लागले म्हणून, आणि तुमचे पेग जमिनीपासून अजून बरेच दूर आहेत. ते पाच भाग वाचले. डॅम्परचंही तसंच. एवढ्या ताकदीच्या बाईकचं हँडल थरथरत असेल तर आधी टायरमधली हवा, चाकाचं बॅलन्सिंग आणि हेडचं (हँडल ज्यावर वळतं ते) बेअरिंग तपासून घ्यावं. सैल बेअरिंगवर डॅम्पर बसवला की थरथर दबते आणि दोष तसाच राहतो. क्लचचा लिव्हर फोटोत वाकलेला दिसतोय, तो बदलाच, पण साधा कंपनीचा लावा.

टायर मात्र यादीतच नाहीत! बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाईक तुम्ही सेकंडहँड घेतली आहे, तेव्हा हे आकडे वाचून घ्या. पण मधला पट्टा पाहता आकडे काहीही असोत, जोडी बदलायला झाली आहे. चांगल्या टायरच्या जोडीला साधारण ५ भाग लागतील आणि ब्रेक, वळण, पाऊस या तिन्ही ठिकाणी फरक पहिल्याच दिवशी कळेल.

दुसरी गोष्ट सस्पेन्शन. तुम्ही वजन ८४ किलो लिहिलंय. या वर्गातल्या बाईकना पुढे मऊ स्प्रिंग असतात, कारण कंपनीला हलका आणि नवशिका चालक गृहीत धरावा लागतो. एक मित्र मदतीला घेऊन सॅग (तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते) मोजा. पुढचा फोर्क पूर्ण वर उचलून मोकळा असताना पट्टीने मोजायचा, मग राइडिंग जॅकेट-बूट घालून बसल्यावर पुन्हा. हा फरक एकूण ट्रॅव्हलच्या (फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबतो त्याच्या) तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असावा, ट्रॅकसाठी चौथ्या हिश्शाकडे. १२० मिलिमीटर ट्रॅव्हल असेल तर ३० ते ४०. तुमचा याच्या बराच पुढे गेला तर वजनाला साजेशी स्प्रिंग आणि नवं फोर्क ऑइल, मजुरी धरून ४ भाग. बाहेरून बघणाऱ्याला हे दिसत नाही, त्यामुळे फोटोवर कुणी वा म्हणणार नाही.

तर क्रम असा लावू. पहिले तीन महिने पावणेदोन भागांप्रमाणे सव्वापाच होतात, त्यात टायर. पुढचे सहा महिने एक नवा स्क्रूही घ्यायचा नाही. ते साडेदहा भाग बँकेतल्या १० मध्ये घातले की शिल्लक जवळपास तीन महिन्यांच्या खर्चाला पोचते. माझ्या मते दुचाकीवर रोज फिरणाऱ्यासाठी हा किमान आकडा आहे. नंतरच्या पाच महिन्यांत पावणेनऊ भाग जमतील : स्प्रिंग, स्प्रॉकेट, लिव्हर, ब्रेक पॅड, आणि उरलेल्यात ट्रॅकवर एक दिवस प्रशिक्षकाबरोबर. टेल टायडी मनात भरलीच असेल तर ती याच काळात घ्या. तिचा उपयोग शून्य आहे, पण दीड भागाच्या हौसेवर मी भाषण देणार नाही.

इथे चौदावा महिना येतो आणि बाईकचं कर्ज संपतं. तो हप्ता ३ भागांचा आहे. त्यातला निम्मा गुंतवणुकीकडे वळवा, निम्मा या पावणेदोन भागांना जोडा. महिन्याला सव्वातीन. सहा महिन्यांत साडेएकोणीस भाग, म्हणजे एक्झॉस्ट आणि मॅपिंगचे २० जवळजवळ झालेच. विसावा महिना. तेव्हाही ते हवं असेल तर बिनधास्त घ्या. नको वाटलं, किंवा तोवर वरच्या सीसीची बाईक मनात आली, तर तिच्यासाठी डाऊन पेमेंटचा मोठा तुकडा तयार असेल. इंजिनाचा दम खरंच कमी पडत असेल तर मला दुसरा पर्याय जास्त पटतो, मात्र मोठ्या बाईकचा विमा आणि टायर दोन्ही महाग असतात हे धरून चाला.

एक्झॉस्ट घ्यायची वेळ येईल तेव्हा काही गोष्टी आधी पक्क्या करा. फुल सिस्टिममध्ये बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) निघून जातो, आणि तो काढून रस्त्यावर फिरणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. आवाजाची मर्यादा रस्त्यावर असते तशी अनेक ट्रॅकवरही असते. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तरही लेखी मागा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडू शकतो, आणि विम्याच्या रकमेत हे सामान आपोआप धरलं जात नाही. वॉरंटी बाकी असेल तर तीही विचारा. तुमच्या बाईकचा ईसीयू थेट रिफ्लॅश होतो का (त्यातला प्रोग्रॅम बदलता येतो का) तेही पाहा, होत असेल तर वेगळा कंट्रोलर बॉक्स कशाला? डायनोवाल्याला आधीची आणि नंतरची, दोन्ही रनचे ग्राफ मागा. नुसता नंतरचा ग्राफ दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि जुनं सामान जपा. कार्ब्युरेटरच्या काळात मी माझ्या बाईकचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) काढून उघडे फिल्टर लावले होते. गाडी मधल्या आरपीएमला अडखळायला लागली. मग कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं प्रमाण बदलणारं जेट किट आणलं, मग तीनदा मजुरी भरली, आणि शेवटी विकायला काढली तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाने सीट उचलून विचारलं, 'डबा कुठाय?' डबा मी भंगारात दिला होता. दुसरा जुना शोधून, विकत घेऊन बसवला तेव्हा कुठे सौदा झाला, आणि त्या फिल्टरचा त्याने एक पैसाही धरला नाही. तेव्हा तुमचा मूळ सायलेन्सर, हेडर (इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा पाइप), मडगार्ड, सगळं खोक्यात भरा, नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर कशाचे आहेत ते लिहा. विकताना बाईक मूळ रूपात विका आणि एक्झॉस्ट वेगळा.