परदेशातून टायर मागवण्याआधी

पहिलाच सेट घेतोयस, तर बाहेरून मागवायचा विचार सोड. जून 2020 पासून नव्या टायरच्या आयातीला परवाना लागतो आणि आयएसआय छापही बंधनकारक आहे. स्वस्त दिसलं म्हणून पैसे भरशील आणि माल कस्टममध्ये अडकून बसेल.

दुकानात आधी टायरच्या बाजूवर 'डीओटी' (DOT) ही अक्षरं शोध. त्या ओळीच्या शेवटी टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात: 2325 म्हणजे 2025 चा 23वा आठवडा. एका बाजूला दिसले नाहीत तर टायर उलटा करून बघ. मी पहिल्या वेळी बघितलंच नाही. घरी टॉर्च मारला तर 'नवे' टायर चार वर्षांचे निघाले! म्हणून रिमवर चढवण्याआधीच चारही तपास.

मापही पूर्ण वाच. 205/55 आर16 91व्ही यातला 91 म्हणजे एक टायर 615 किलो पेलतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय त्याहून कमी आकड्याचा घेऊ नकोस.

भाव विचारताना बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) आणि हवा भरायचे नवे व्हॉल्व्ह धरून विचार. पक्कं बिल मात्र सोडू नकोस. उद्या टायरला फुगा आला, तर ते बिल घेऊन त्याच दुकानात उभं राहता येतं. त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.