सूरसंवाद : केप ब्रेटनच्या हॉलमधला ऑक्टोबर

मागच्या अंकात मी कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या फिडलवादनाचा ओझरता उल्लेख केला होता. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, लोकसंगीतात वाजवलं की त्याला फिडल म्हणतात. माझी लेक तिथल्या सिडनी शहरात राहते. दोन वर्षं ऑक्टोबर महिना मी तिच्याकडे काढला आणि दोन्ही वेळा ‘केल्टिक कलर्स’ हा संगीत महोत्सव जवळून पाहिला. त्या चार ओळींवर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे.

प्रश्न : ‘केल्टिक’ म्हणायचं की ‘सेल्टिक’? आणि हे लोक नेमके कोण, आयरिश की स्कॉटिश? (एक शिक्षिका, चिपळूण)

केल्टिक म्हणा. ‘सेल्टिक’ हा उच्चार ग्लासगोच्या फुटबॉल क्लबासाठी राहू द्या. हे मुळात एका भाषाकुळाचं नाव आहे. आयर्लंडची आयरिश, स्कॉटलंडची गेलिक, आइल ऑफ मॅनची मँक्स, वेल्सची वेल्श, कॉर्नवॉलची कॉर्निश आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली ब्रेटन या त्यातल्या बहिणी. म्हणजे आयरिशही आणि स्कॉटिशही. केप ब्रेटनवर मात्र स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून आणि बेटांवरून आलेल्या गेलिक भाषकांचे वंशज जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं उठवली, तेव्हा ही माणसं जहाजांत बसून आली.

तुम्ही भाषा शिकवता म्हणून सांगते, गेलिकमध्ये तीनला ‘त्री’ म्हणतात आणि राजाला ‘री’. आपली मराठी आणि ती गेलिक एकाच इंडो-युरोपीय वडाच्या दूरदूरच्या पारंब्या आहेत. एका आजोबांनी माझ्यासमोर बोटांवर आकडे मोजले आणि तिसऱ्या बोटाला ‘त्री’ म्हणाले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

प्रश्न : माझा मुलगा केप ब्रेटन विद्यापीठात शिकायला गेला आहे. संध्याकाळी तो एका दुकानात काम करतो. तिथल्या बाईंनी ऑक्टोबरमध्ये त्याला त्यांच्या गावच्या हॉलमध्ये मदतीला बोलावलं आहे. काही तरी केल्टिक उत्सव आहे म्हणे. हॉल चर्चचा, जेवणात मासे, आणि याला त्या गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. परक्यांच्या सणात आमच्या मुलाने काय करायचं? अभ्यास सोडून जावं का? (एक आई, तासगाव)

ताई, जाऊ द्या त्याला. एका संध्याकाळीने अभ्यास बुडत नाही. त्या बाईंनी त्याला तिकीट काढून कार्यक्रम बघायला बोलावलेलं नाही, मदतीला बोलावलं आहे, हे लक्षात घ्या. आपल्याकडे पंगतीत वाढायला ज्याला हाक मारतात तो घरचा असतो. तिथेही तसंच आहे.

हा महोत्सव 1997 साली सुरू झाला. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, तिकडच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला लागून, नऊ दिवस चालतो. मेपलची पानं लाल-केशरी झालेली असतात, नावातले ‘कलर्स’ ते. याला एक मांडव नाही की एक मैदान नाही. बेटभर विखुरलेल्या गावांचे हॉल, शाळांची जिम, चर्च अशा जागी रोज रात्री कार्यक्रम होतात. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेला नावाजलेला कलाकार आणि गावातलीच फिडल वाजवणारी मुलगी एकाच मंचावर बसतात. दिवसा गावोगाव चहापान, जेवणं, नाच, गेलिकचे वर्ग. खुर्च्या मांडणं, तिकिटं फाडणं, सूप वाढणं हे सगळं गावकरीच करतात. तुमचा मुलगा त्यांच्यातलाच एक होईल.

आता चर्चचं. हॉल चर्चचा असला तरी कार्यक्रम प्रार्थनेचा नसतो. चर्च आणि फिडल यांचं नातं तिथे मोठं गमतीचं आहे. माबू या गावात एकोणिसाव्या शतकात एका पाद्र्याने घरोघरची फिडल्स गोळा केली होती, असं लोक आजही सांगतात. नाचगाणं म्हणजे दारू आणि भांडण, असं त्याला वाटायचं. आणि पुढे फिडल वाचवायला धावले तेही पाद्रीच.

ती हकिकत अशी. 1971 मध्ये सीबीसी या तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर एक माहितीपट दाखवला गेला. केप ब्रेटनचा फिडलवादक आता नामशेष होतो आहे, म्हातारे जातील आणि हे संगीतही जाईल, असं त्यात म्हटलं होतं. लोकांना ते फार लागलं. चिडले, दुखावले, पण नुसतं बोलून गप्प बसले नाहीत. ग्लेनडेलचे फादर जॉन अँगस रँकिन आणि इतर मंडळींनी घरोघर जाऊन वादक शोधले, ज्यांनी वाद्य माळ्यावर टाकलं होतं त्यांना ते खाली काढायला लावलं. जुलै 1973 मध्ये ग्लेनडेलला शंभराहून अधिक फिडलवादक एकत्र वाजवायला उभे राहिले. मग मुलांसाठी वर्ग निघाले. आज जे पन्नाशी-साठीचे उत्तम वादक आहेत, ते त्या वर्गांची आणि त्या घरांची पैदास आहे. म्हणून मला ‘केल्टिक कलर्स’ हा त्या 1973 च्या दुपारचा नातू वाटतो.

भाषेच्या वाट्याला मात्र एवढं सुख आलं नाही. शाळेत गेलिक बोललं की मार बसायचा, त्यामुळे पुष्कळ आईबापांनी मुलांशी ती बोलणंच सोडलं. आता गावांच्या पाट्यांवर गेलिक नावं परत आली आहेत. सेंट अॅन्स इथलं 1938 पासूनचं गेलिक कॉलेज ती शिकवतं. महोत्सवात रात्रीचे कार्यक्रम उरकले की कलाकार त्याच कॉलेजात जमतात आणि पहाटेपर्यंत वाजवत बसतात.

मुलाला काही कळत नाही म्हणता. त्याला सांगा, ‘मिलिंग फ्रॉलिक’ कुठे असेल तिथे आधी जा. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड ओलं करून, लांब टेबलाभोवती बसून, सगळ्यांनी मिळून आपटायचं, म्हणजे वीण घट्ट होते. हे काम तासन् तास चालायचं, म्हणून त्याला गाणं. एकजण कडवं म्हणतो, बाकीचे ध्रुवपद घेतात, आणि ध्रुवपदात बरेचदा अर्थ नसलेली नुसती अक्षरं असतात. आता कापड कारखान्यात तयार होतं, पण टेबल आणि गाणं त्यांनी ठेवलं आहे. मी आयोनाच्या हायलँड व्हिलेजमध्ये, जिथे गेलिक लोकांची जुनी घरं जपली आहेत, अशा टेबलाशी बसले. शेजारच्या बाईंनी कापडाची कड माझ्या हातात दिली, तिसऱ्या कडव्याला माझा हात बरोबर पडू लागला. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची आणि दळण संपेपर्यंत तिची ओवी थांबायची नाही. मला त्या टेबलाशी तिचा खुंटा धरलेला हात आठवत होता. तुमच्या घरात जातं असेल, निदान आठवणीत असेल, तर तुमच्या मुलाला ते गाणं परकं वाटणार नाही.

खाण्याचं सरळ विचारून घ्यावं. मासळीचं दाट सूप सगळीकडे असतं, पण ओटकेक, बिस्किटं, पाव, चहा यांवर शाकाहारी माणसाची संध्याकाळ निघते. मी स्वतः दोन्ही वर्षं तशीच काढली. ‘मी मांस-मासे खात नाही’ असं आधीच सांगितलं की त्या बायका काही ना काही वेगळं काढून ठेवतात.

एका गोष्टीची काळजी मात्र खरोखर घ्या. गावं लांब आहेत. सिडनीहून जुडिक गावाला जायला दीड-दोन तास लागतात, आणि रात्री परतीची बस मिळेल या भरवशावर राहू नये. परत कोण सोडणार हे निघण्याआधी ठरवून घ्यायला सांगा. थंडीचं जाकीट न्यावं. नाचाच्या हॉलमध्ये लाकडी फरशी असते, तिथे चिखलाचे बूट नकोत. नाचायला कोणी हात पुढे केला तर नाही म्हणू नये. चार जोड्यांचा चौकोन असतो, पहिल्या दोन फेऱ्या जिगवर, तिसरी रीलवर (हे नाचाच्या धुनांचे दोन प्रकार). चुकलं तर शेजारचा खांद्याला धरून योग्य दिशेला वळवतो, एवढंच.

प्रश्न : मी तबला वाजवतो. तुम्ही दिलेल्या वर्णनात तालवाद्य कुठेच नाही. मग लय कोण धरतं? आणि यात रागासारखा विस्तार असतो का? (एक वाचक, नाशिक)

लय पाय धरतात. फिडलवादक खुर्चीत बसून दोन्ही टाचांनी फरशीवर ठोके देतो, आणि तुम्ही डोळे मिटले तर तो ठोका आधी ऐकू येतो, सूर मागून. जोडीला पियानो असतो. केप ब्रेटनच्या पियानोवादकाचा डावा हात खर्जात सप्तक फोडत चालतो आणि उजवा हात ठोक्याच्या मधल्या फटींत सूर टाकतो. मला तर तो डग्गा आणि तबलाच वाटला. स्टेप डान्स करणारा मंचावर आला की तिसरं वाद्य सुरू होतं. कमरेच्या वर जवळजवळ हालचाल नाही, हात सैल, पावलं जमिनीलगत.

जिग सहाच्या वजनात असते, तीन-तीन, त्यामुळे तुमच्या बोटांना दादरा लगेच ओळखीचा वाटेल. स्ट्रॅथस्पे हा प्रकार मात्र नीट ऐका. त्यात ठोक्यावर अगदी तोकडा स्वर येतो आणि त्याला लागून लांब. हा झटका गेलिक बोलण्यातून आला, असं तिथले जाणकार मानतात. पहिल्या अक्षरावर जोर देऊन बोलणाऱ्यांची ती भाषा आहे.

आलापीसारखा विस्तार नाही. धुना बांधलेल्या असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजवतात, आणि एक संपता संपता दुसरी सुरू करतात. आधी मार्च, मग स्ट्रॅथस्पे, मग रील, लय चढत जाते. विलंबिताकडून द्रुताकडे जाणं तुमच्या रक्तात आहे, त्यामुळे तुम्हाला त्याचा नकाशा सांगावा लागणार नाही. कलाकाराची ओळख पटते ती अलंकारांतून. एका स्वराचे गजाच्या (बोच्या) तीन झपाट्यांत तुकडे करायचे, त्याला ते ‘कट्स’ म्हणतात. बॅगपाइपवर बोटांनी जे करतात त्याची ही नक्कल.

मी व्हायोलिन शिकवते, म्हणून एक गोष्ट मला सर्वांत जास्त भावली. काही धुनांसाठी ते खालच्या दोन तारा चढवून ए-ई-ए-ई अशा लावतात. मग खालची जोडी वरच्या जोडीचाच खर्ज होते आणि वाद्य आपल्या तरफांसारखं गुंजू लागतं. मी घरी येऊन हे करून पाहिलं. विद्यार्थ्यांनाही दाखवते.

ऐकायला सुरुवात करायची तर बडी मॅकमास्टर ऐका (1924–2014). आयुष्यभर रेल्वे स्टेशनवर नोकरी केली आणि रात्री गावोगाव नाचाला वाजवलं. त्यांच्या हातात घाई नाही. त्यांची पुतणी नॅटली मॅकमास्टर जगभर वाजवते, पण मी तुम्हाला आधी काकांकडे पाठवीन. आणि ली क्रेमो (1938–1999) चुकवू नका. ते एस्कासोनी गावचे, बेटावरच्या मूळ मिगमॉ समाजातले. या बेटाला त्यांच्या भाषेत ‘उनामागी’ म्हणतात. फिडल गेलिक लोकांबरोबर आलं खरं, पण एस्कासोनीचे मिगमॉ आणि शेटिकँपचे फ्रेंच भाषक अकेडियन यांनीही ते आपलं केलं. महोत्सवात तेही यजमान असतात.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. हे सगळं पर्यटकांसाठी मांडलेलं नाही का? लोकपरंपरेचं दुकान झालं की तिच्यात जीव उरतो का? (एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

पर्यटनाचा हेतू होताच, आणि तो कोणी लपवत नाही. उन्हाळा संपला की पाहुणे जायचे आणि हॉटेलं ओस पडायची, हंगाम लांबावा म्हणून ऑक्टोबर निवडला. 1992-93 मध्ये कॉड माशाच्या मासेमारीवर बंदी आली, 2001 मध्ये सिडनीचा पोलाद कारखाना आणि तेव्हाची शेवटची भूमिगत कोळसा खाणही बंद झाली. तरुण मुलं कामासाठी पार पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतापर्यंत जातात. अशा बेटाने आपल्याजवळ जे होतं त्यावर चार पैसे मिळवले, तर मला त्यात कमीपणा दिसत नाही.

तुमची शंका मी मोठ्या शहरी कार्यक्रमांच्या बाबतीत मानते. इथे मात्र मला फरक दिसला. नऊ दिवस संपल्यावरही शनिवारी वेस्ट माबूच्या हॉलमध्ये नाच असतो आणि तिथे नाचणारे बहुतेक गावचेच असतात. ‘केली’ या गेलिक शब्दाचा मूळ अर्थच शेजाऱ्याकडे जाणं असा आहे. गाणं त्या जाण्यात आपोआप येतं.

पहिल्या वर्षी मी एका गावच्या हॉलमध्ये बसले होते, तेव्हा छतातून पाणी ठिबकत होतं आणि पियानोवर मेणकापड टाकून ठेवलं होतं. चहा देणाऱ्या बाईंनी गल्ल्याच्या डब्याकडे बोट दाखवून सांगितलं, हे पैसे छपरासाठी. मध्यंतरात रांग दारापर्यंत गेली होती. मी दोन कप चहा घेतला. दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा छप्पर नवं होतं आणि पियानो उघडा.