मेळघाटच्या वाटांसाठी टॅबलेट निवडताना

वाटेचा नकाशा पाहण्यासाठी आपण प्रथमच गाडीत टॅबलेट बसवीत आहात, म्हणून त्यात स्वतःचा जीपीएस आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे. आयपॅडच्या केवळ वायफाय असलेल्या प्रकारात तो नसतो. सिमकार्डाच्या प्रकारात असतो आणि सिम न घालताही चालतो. पडदा 8 इंचांचा पुरे.

खरी काळजी उन्हाची आहे. आयपॅड वापरण्यासाठी ॲपलने कमाल 35 अंश सेल्सिअसची मर्यादा सांगितली आहे, आणि आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. धारणीच्या वाटेवर भर दुपारी माझ्या गाडीच्या काचेला लावलेला सक्शन कपचा स्टँड सुटला आणि टॅबलेट थेट ब्रेकच्या पायाशी पडला. तो प्रसंग जिवावर बेतला असता. तेव्हापासून मी डॅशबोर्डच्या आतील लोखंडी पट्टीला बोल्टने आवळलेला, आखूड दांड्याचा माउंटच सुचवतो, कारण दांडा जितका लांब तितके हादरे अधिक. तो एअरबॅगच्या झाकणावर येऊ देऊ नये. एसीच्या झोतासमोर आल्यास उत्तम.

सेमाडोहकडे रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ॲपमधील नकाशे परतवाड्यालाच उतरवून घ्यावेत. व्याघ्र प्रकल्पातील एखादी वाट नकाशावर दिसली, तरी वनविभागाची परवानगी असल्याखेरीज तिच्यावर गाडी घालू नये.