फोटोंच्या फाईली उघडत नाहीत, मशीन हळू झालंय, पण पैसे मागणारा मेसेज नाही. तरीही रॅन्समवेअर, म्हणजे फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, असू शकतं का?

असू शकतं. 'मेसेज नाही ना, मग काही नाही' हे वाक्य मी आमच्या ऑफिसात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी हिशेबातला माणूस, आयटीवाला नव्हे. एका दुपारी शेअर्ड फोल्डरमधली शीट उघडेना. नाव तेच, पण डॉट एक्सएलएसएक्सच्या पुढे आणखी चार अक्षरांचं शेपूट. शेजारच्या फाईलीलाही तेच. तारखेप्रमाणे लावून पाहिलं, तर तीन-तीन वर्षं कुणी हात न लावलेल्या फाईली 'आत्ता बदलल्या' म्हणून वर आलेल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत यादी वाढतेय. आयटी बघणाऱ्या सरांना म्हटलं, सगळ्यांच्या नेटवर्कच्या वायरी काढू या. ते म्हणाले, "एक्सेलचा प्रॉब्लेम आहे, रिस्टार्ट कर." केलं. माझ्या मशीनमध्ये मुळात काही नव्हतंच. माझं सुरू होईस्तोवर दुसऱ्याच कुठल्या मशीननं अख्खं फोल्डर खाल्लं. बॅकअपची डिस्क 'सोयीसाठी' सर्व्हरला कायम जोडलेली, तीही गेली. मग जागोजाग खंडणीच्या चिठ्ठ्या दिसल्या. चिठ्ठीच्या प्रॉपर्टीजमध्ये ओनर पाहिला, तेव्हा कळलं कुणाच्या लॉगिनवरून हे चाललं होतं. हेही मीच पाहिलं, सरांनी नाही.

अँटिव्हायरस आपोआप बंद पडणं, विंडोजनं ठेवलेल्या फाईलींच्या जुन्या प्रती गायब होणं, काही चालू नसताना डिस्क सतत फिरणं, याही खुणाच. नुसतं मशीन हळू झालं तर मी घाबरणार नाही.

आणि त्या रिस्टार्टबद्दल. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं, स्वतःहून मशीनमागून मशीन पकडणारं रॅन्समवेअर पसरलं, तेव्हा काही जुन्या विंडोजवर फाईलींच्या कुलपाची किल्ली बनवायला वापरलेले आकडे मेमरीत उरत होते. मशीन बंद न करणाऱ्यांपैकी काहींना त्यावरून फाईली सोडवता आल्या. रिस्टार्ट केलं की ते आकडे पुसले जात. वॉनाक्रायचा शिरायचा रस्ता बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, पण 'अपडेट नंतर करू' म्हणणारे सर सगळीकडेच असतात.

तर आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर तीही काढा. वायर काढताच येत नसेल आणि यादी वाढतच असेल, तर मात्र सरळ पॉवर काढा. तिथे मेमरी वाचवत बसू नका. 'नो मोअर रॅन्सम'च्या साइटवर काही प्रकारांसाठी फुकट किल्ल्या मिळतात, सगळ्यांसाठी नाही.

तुमचे फोटो मरायला टेकलेल्या डिस्कमुळेही उघडत नसतील, आणि काही रॅन्समवेअर नाव बदलतही नाही. पण विंडोज एरवी ओळखीची शेपटं, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवतं, म्हणून फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन ती दिसू द्या आणि फोटोंच्या नावापुढे काय आहे ते इथे लिहा.