रुग्णांना बेडक्याचा नमुना नीट द्यायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की छातीच्या ओपीडीत नव्यानेच रुजू झालात, टीबीच्या तपासणीसाठी रुग्णांना डब्या देता, पण त्यात बहुतेक वेळा नुसती लाळ येते आणि लॅब ‘नमुना अयोग्य’ असा शेरा मारून डबी परत करते. मी लॅबमध्ये बरीच वर्षं याच डब्या उघडतोय, म्हणून मनापासून लिहितोय.

यात रुग्णाचा हलगर्जीपणा नसतो. डबी हातात देऊन ‘यात थुंका’ म्हटलं की माणूस थुंकणारच. आपल्याला हवा असतो फुफ्फुसातून खोकून वर आलेला बेडका. तो कसा काढायचा हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

दाखवण्याने किती फरक पडतो? रावळपिंडीतल्या एका क्षयरोग केंद्रात तीन हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नमुना देण्याआधी नीट समजावून सांगितलेल्या बायकांपैकी १३ टक्क्यांच्या स्लाइडवर जंतू सापडले, न सांगितलेल्यांत ८ टक्क्यांच्या. पुरुषांमध्ये मात्र लक्षणीय फरक पडला नाही. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही, फक्त दोन मिनिटांचं बोलणं. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. डबीत लाळच आली तर आजार असूनही स्लाइड निगेटिव्ह जाऊ शकते, आणि ती बाई खोकत खोकत घरी परत जाते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. ‘मावशी, माझ्याबरोबर करा’ असं म्हणून सुरुवात करा. पाठ ताठ ठेवून बसायचं किंवा उभं राहायचं. कवळी असेल तर काढून ठेवायची, साध्या पाण्याने चूळ भरायची. जंतुनाशक माउथवॉश नको, त्याने जंतू मरू शकतात. मग एक हात पोटावर ठेवून नाकाने सावकाश खोल श्वास घ्यायचा, पोट पुढे आलं पाहिजे. दोन-तीन सेकंद रोखायचा, हळू सोडायचा. असं दोनदा. तिसऱ्यांदा श्वास भरून घेतला की पोटातून जोर लावून खोकायचं. नुसतं घसा खाकरून भागत नाही, आणि हा फरक तुमच्या तोंडाने ऐकवल्याशिवाय कळत नाही. पहिले दोन श्वास तुम्ही रुग्णाबरोबर घ्या, खाकरणं आणि छातीतून खोकणं यांचे आवाज काढून दाखवा. प्रत्यक्ष खोकायचं मात्र त्यांनी एकट्याने, उघड्यावर, माणसांपासून लांब, वारं खेळतं असेल तिथे. बंद खोली किंवा संडास नको.

बेडका तोंडात आला की डबी खालच्या ओठाला लावून हळूच आत सोडायचा, बाहेर सांडू द्यायचा नाही. ३ ते ५ मिलिलिटर पुरे. एका खोकल्यात तेवढा येत नाही, म्हणून घाई करू नका. थोडं थांबून पुन्हा तेच श्वास. शेवटी झाकण घट्ट लावायचं, हात साबणाने धुवायचे. नाव डबीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिलं तर लॅबमध्ये झाकणं उघडल्यावर घोटाळा होतो.

लाजेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चारचौघांत खाकरणं अनेकांना, विशेषतः बायकांना, नको वाटतं. मग त्या ओठांतल्या ओठांत थुंकून डबी परत देतात. आडोसा द्या, पाठ फिरवून उभ्या राहा. ‘जितका घट्ट, पिवळट येईल तितकं बरं, आम्हाला तेच हवंय’ हे स्पष्ट सांगा. परवानगी मिळाल्यासारखी माणसं मोकळी होतात.

रुग्ण निघण्याआधी बंद डबी उजेडात धरून बघा. घट्ट, चिकट, पांढरट-पिवळट किंवा हिरवट असेल तर उत्तम. रक्ताचे धागे असले तरी चालतो, पण डॉक्टरांना लगेच कळवा. पाण्यासारखं, फेसाळ दिसलं तर न रागावता पुन्हा श्वास घ्यायला लावा. तरीही तेवढंच आलं तर फेकू नका, लॅबला विचारून पाठवा. टीबीचे जंतू कधीकधी अशा नमुन्यातही सापडतात.

दुसऱ्या नमुन्यासाठी डबी घरी न्यायला देताना सांगा: सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्यापिण्याआधी. रात्रभर साठलेला कफ तेव्हा सहज सुटतो. डबी उन्हात ठेवायची नाही, त्याच दिवशी आणून द्यायची.

कोरडा खोकला असणाऱ्यांना सगळं करूनही काही येत नाही. त्यांना दामटू नका, डॉक्टरांना सांगा. खारट पाण्याची वाफ नेब्युलायझरने देऊन बेडका काढता येतो, पण ते देखरेखीखाली आणि हवेशीर जागीच. लहान मुलं बेडका गिळतात, त्यांच्यासाठी सकाळी उपाशीपोटी जठरातलं पाणी काढून किंवा शौचाचा नमुना घेऊन तपासणी करतात, त्यांच्या हातात डबी देऊन बसवून ठेवण्यात अर्थ नाही.