विचारा की! बंदरातली जहाजं बघायची तरी कशी?

मागच्या अंकात कारवारच्या सहलीवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज सगळे जहाजांचेच आले. आम्ही घाटावरची माणसं, पण समुद्र म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांचा जीव वरखाली होतो. यावेळचं सदर त्यालाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा वगळला असं समजू नका.

प्रश्न : सर, आम्ही खानापूरचे. वर्षातनं तीन-चारदा गोव्याला जाणं होतं. बाकीच्यांना बीच पाहिजे असतो, मला आणि माझ्या पोराला दोना पावलाला उभं राहून पलीकडची मोठी जहाजं बघायची असतात. पोरगं विचारतं हे कुठलं, भरलेलं की रिकामं, काल होतं तिथंच आज का उभं, आणि मला एकाचंही उत्तर येत नाही. वास्कोला बंदराच्या गेटवर गेलो तर परत पाठवलं. पास मिळतो का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पासच्या मागं लागू नका. १ जुलै २००४ पासून जगभरच्या बंदरांना आयएसपीएस म्हणून सुरक्षेचे नियम लागू झालेत, तेव्हापासून काम नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालून काही होणार नाही. आणि खरं सांगू का, आत जाऊन दिसणार काय तर एका जहाजाची लोखंडी भिंत. येणं-जाणं बघायचं तर लांबूनच, आणि त्याला तुमचं दोना पावला एकदम बरोबर आहे, कारण झुवारीच्या मुखाच्या उत्तरेला तुम्ही, दक्षिणेला मुरगाव बंदर, मधली सगळी वाट तुमच्या डोळ्यासमोर. वास्कोकडनं सडा नावाच्या उंच भागावर चढलात तर आणखी लांबचं दिसतं. वाळूत उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं, पन्नास मीटर उंचीवर गेलात की तेच पंचवीस किलोमीटरवर जातं. म्हणून खालून बघताना लांबच्या जहाजाचं नुसतं डोकं दिसतं, अंग पाण्याखाली बुडाल्यासारखं. पोराला पृथ्वी गोल आहे हे पुस्तकाशिवाय दाखवायची ही संधी सोडू नका.

आता भरलेलं की रिकामं. जहाजाच्या अंगाला खालच्या भागात बहुतेक वेळा लालसर रंग असतो, शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून तांबं घातलेला रंग मारायची जुनी पद्धत, त्यातनं आलेला. हा लाल पट्टा पाण्यावर भरपूर दिसत असेल, पुढच्या टोकाखाली एक गोल नाक पाण्याबाहेर आलेलं असेल, तर जहाज रिकामं. लाल अजिबात दिसत नाही, काळा किंवा निळा रंगच पाण्याला टेकलाय, तर पोट भरलेलं. मुरगावला कोळसा घेऊन आलेलं जहाज संध्याकाळी बघून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा, लाल पट्टा वाढलेला दिसतो की नाही बघा. ते जहाज वर येतंय म्हणजे आतला माल उतरतोय. मला विचाराल तर बंदर बघण्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच, आणि तिला एक पैसा लागत नाही.

दुर्बीण असली तर मधोमध बाजूला एक गोल आणि त्याच्यातनं गेलेली आडवी रेघ दिसेल, शेजारी शिडीसारख्या छोट्या रेघा. उन्हाळ्यात किती बुडू द्यायचं, हिवाळ्यात किती, उष्ण कटिबंधात किती, गोड्या पाण्यात किती, त्याच्या त्या मर्यादा. गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं म्हणून ती रेघ वेगळी. सॅम्युअल प्लिम्सॉल नावाचा इंग्लंडचा खासदार होता, मालक लोक जुनी जहाजं बेसुमार भरून पाठवायचे आणि खलाशी बुडून मरायचे, त्याविरुद्ध तो पार्लमेंटात भांडला आणि १८७६ साली तिथं ही खूण कायद्यात आली. टोकांना जे आकडे असतात ते मीटरमध्ये, जहाज किती खोल बुडालंय ते सांगणारे.

कुठलं जहाज म्हणाल तर मागच्या बाजूला नाव आणि खाली गावाचं नाव असतं. पनामा, मोनरोव्हिया, माजुरो, व्हॅलेटा अशी गावं जास्त दिसतील. याचा अर्थ जहाज तिकडनं आलं असा नाही हां, नुसती नोंदणी तिकडची, टॅक्स आणि नियम सोपे पडतात म्हणून. मालक ग्रीक असेल, खलाशी फिलिपिन्सचे आणि आपले असतील, आणि जहाज कागदावर मार्शल बेटांचं. नाव बदलतं, मालक बदलतो, पण आयएमओ नावाचा सात आकडी नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच. तो टिपून घ्या, घरी येऊन शोधलात की जन्मकुंडली निघते.

तिथंच का उभं, याचं उत्तर खानापूरच्या माणसाला मी काय सांगू! साखर कारखान्याच्या गेटबाहेर ऊस भरलेले ट्रॅक्टर नंबर लागेपर्यंत उभे असतात, तसंच. धक्का रिकामा नाही, माल तयार नाही, कागद अडकलेत, काहीतरी कारण असतं. दिवसा नांगर टाकलेल्या जहाजाच्या पुढच्या भागात एक काळा गोळा टांगलेला असतो, तो दिसला की समजायचं हे थांबलंय. आणि एक गंमत बघा, अशी चार जहाजं उभी असली तर बहुतेक चौघांची तोंडं एकाच दिशेला असतात, कारण नांगर पुढच्या टोकाला आणि बाकीचं धूड वाऱ्याला, प्रवाहाला मोकळं. भरती-ओहोटी आपल्याकडं दिवसातनं दोनदा, म्हणजे पाणी साधारण सहा-सहा तासांनी फिरतं, वारा फार नसेल तर जहाजंही हळूहळू फिरतात. दोन तास एका जागी बसायची तयारी असेल तरच हे दिसतं, आणि बायको-पोरांची तेवढी तयारी नसते हे मला माहीत आहे.

जहाज आत यायला निघालं की आधी एक छोटी बोट त्याच्याकडं पळत जाते. त्यात पायलट असतो. कॅप्टननं वीस वर्षं सातासमुद्रात जहाज हाकलं असलं तरी मुरगावात आत घ्यायचं ते इथल्या पायलटच्या सल्ल्यानंच, खडक कुठं, गाळ कुठं ते त्याला पाठ. चालत्या जहाजाला बोट लावून तो दोरीच्या शिडीनं चढतो. चढण ९ मीटरच्या वर असेल तर नुसत्या शिडीवर भरवसा ठेवत नाहीत, वरनं जहाजाचा जिना सोडून दोन्ही जोडतात. पायलट चढला की वर अर्धा पांढरा अर्धा लाल झेंडा लागतो. नुसता लाल दिसला तर धोक्याचा माल, पिवळा म्हणजे आरोग्य तपासणीची परवानगी मागतायत. आणि परदेशी जहाजावर आपला तिरंगा दिसला तर चकित होऊ नका, पाहुण्यानं यजमानाचा झेंडा लावायची रीत आहे.

मोबाईलवर मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर बघायला हरकत नाही. परदेशी ये-जा करणाऱ्या ३०० ग्रॉस टनांवरच्या प्रत्येक जहाजाला एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं आहे, ते स्वतःचं नाव, जागा, वेग रेडिओवर ओरडून सांगत असतं, ॲप तेच दाखवतं. फक्त कुठं चाललंय ते खलाशी हातानं टाईप करतात, त्यामुळं कधीकधी मागच्याच बंदराचं नाव राहिलेलं असतं, त्यावर पैज लावू नका. माझं म्हणणं एवढंच, आधी पोराला डोळ्यानं ओळखू दे, लाल पट्टा बघून अंदाज करू दे, मग मोबाईल काढा. आधीच काढला तर तो जहाज बघत नाही, स्क्रीन बघतो.

आणि मांडवीतल्या त्या कॅसिनोच्या बोटी यात मोजू नका, जागचं न हलणाऱ्याला मी जहाज म्हणत नाही.

प्रश्न : आमच्या लोंढ्यावरनं कोळशाच्या मालगाड्या रात्रंदिवस जातात. शेजारचे काका म्हणतात हा कोळसा जहाजातनं येतो. कर्नाटकात जायला कोळसा गोव्यातनं कशाला येईल?
— एक वाचक, लोंढा

उत्तर : काकांचं बरोबर आहे. पोलाद करायला जो कोकिंग कोल लागतो तो आपल्या देशात चांगल्या प्रतीचा पुरेसा नाही, बराचसा ऑस्ट्रेलियातनं जहाजानं येतो. मुरगावला उतरतो, वाघिणींमध्ये भरतो, कुळेवरनं घाट चढून कॅसलरॉक, मग तुमचं लोंढा, आणि पुढं हुबळी-होस्पेटकडनं बळ्ळारी जिल्ह्यातल्या तोरणगल्लूसारख्या पोलाद कारखान्यांना. त्या घाटाचा चढ सदतीसात एक, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर, म्हणून कुळेला मागं-पुढं जादा इंजिनं जोडतात. दूधसागर बघायला गेलेल्या प्रत्येकानं तो आवाज ऐकलेला असतो.

तुम्ही लोंढ्यात बसूनही बंदराचा अंदाज घेऊ शकता. मुरगावकडनं भरलेल्या वाघिणी येतात, मुरगावकडं रिकाम्या जातात, आणि भरलेल्या एकदम कमी झाल्या तर बंदरात कोळशाचं जहाज लागलेलं नसेल किंवा घाटात काहीतरी अडलं असेल. पूर्वी हे उलट होतं. बळ्ळारी-होस्पेटचं लोहखनिज याच रुळांवरनं खाली जाऊन जहाजात भरायचं, गोव्याच्या खाणींचं तर नदीतल्या बार्जेसमधनं यायचं. २०१० साली कर्नाटक सरकारनं खनिजाची निर्यात थांबवली, २०१२ साली गोव्यातलं खाणकाम बंद पडलं, नंतर सुरू झालं, २०१८ ला परत थांबलं, आणि मुरगावच्या धक्क्याला दिसणारी जहाजं त्याप्रमाणं बदलत गेली. म्हातारी माणसं असतील घरात तर त्यांना विचारा, पोर्तुगीज होते तेव्हापासून ही लाईन बंदरासाठीच आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती घातली तीच मुळी घाटावरचा माल मुरगावला नेण्यासाठी.

वास्कोच्या लोकांची मात्र तक्रार ऐकून घ्या. कोळशाची धूळ गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, त्यावरून तिथं वर्षानुवर्षं आंदोलनं चाललीत. आपण जहाज बघून घरी येतो, ते तिथंच राहतात.

प्रश्न : निपाणीहून कारवारला मुलांना घेऊन चाललोय. नौदलाची विमानवाहू नौका विक्रमादित्य बघायला मिळेल काय? फोटो काढले तर चालतात ना?
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : ताई, मिळेल असं मुलांना आधीच सांगून ठेवू नका, नाहीतर परतताना बसभर रडारड. आयएनएस कदंब हा नौदलाचा तळ २००५ साली सुरू झाला, गावाच्या दक्षिणेला अरग्याजवळ, विक्रमादित्य त्याच तळाची. ती समुद्रावर असली तर नाहीच, तळावर असली तरी हायवेवरनं जाताना झाडा-भिंतीतनं काय दिसेल तेवढंच, आणि तिथं मोबाईल खिशात. फोटो चालत नाहीत, मुलांना गाडीतच बजावा. युद्धनौका ॲपवर पण शोधत बसू नका, त्या आपला पत्ता सहसा सांगत नाहीत.

त्याऐवजी टागोर बीचवर आयएनएस चपळ आहे, क्षेपणास्त्र सोडणारी खरीखुरी बोट, निवृत्त झाल्यावर वाळूवर आणून म्युझियम केलंय. आत शिरून मुलांना कळतं की नौसैनिक किती चिंचोळ्या जागेत झोपायचे. मग बैतखोलकडं जा. व्यापारी बंदर तिथं, मुरगावच्या मानानं लहान, डांबराचे आणि तेलाचे टँकर येतात. टँकर ओळखायला सोपा, डेकवर क्रेनची गर्दी नाही, नुसत्या पाईपा लांबच्या लांब. समोर बेटं आहेत ना, कुर्मगड वगैरे, त्यांच्या आडोशानंच हे बंदर पावसाळ्यात तग धरतं. त्यातल्या देवगड बेटावर १८६४ सालचं दीपगृह आहे, सिंधुदुर्गातलं आंब्याचं देवगड ते वेगळं. कुर्मगडला पौषी पौर्णिमेला नरसिंहाची जत्रा असते, तेव्हा सगळं कारवार होड्यांतनं तिकडं निघतं.

प्रश्न : रात्री मिरामारवरनं लाल-हिरवे दिवे दिसतात त्याचा काय अर्थ?
— बारावीचा एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : बाळा, जहाजाच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, जगात कुठंही. तुला नुसता लाल दिसला तर त्याची डावी बाजू तुझ्याकडं, म्हणजे ते तुझ्या डाव्या हाताला चाललंय. दोन्ही एकदम दिसले तर सरळ तुझ्याकडंच येतंय. पन्नास मीटरपेक्षा मोठं असलं तर मधे दोन पांढरे दिवे, मागचा पुढच्यापेक्षा उंच, त्यावरनंही दिशा कळते. पांढऱ्याखाली लाल असे दोन दिवे एकावर एक म्हणजे पायलटची बोट. भोंगा ऐकू आला तर एक छोटा म्हणजे उजवीकडं वळतोय, दोन म्हणजे डावीकडं, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवतोय, आणि पाच पटापट वाजले तर समोरच्याला विचारतोय की तुझं चाललंय तरी काय.

प्रश्न : दुर्बीण कुठली घ्यावी?
— चिकोडी, हुक्केरी, बेळगावहून बऱ्याच जणांनी

उत्तर : ७ बाय ५०. सात पट मोठं दिसतं आणि पुढची काच ५० मिलिमीटरची, संध्याकाळी उजेड कमी झाला तरी चालते, हात हलला तरी चित्र फार नाचत नाही. दुकानदार वीस पटवाली गळ्यात मारायला बघतो, घेऊ नका, स्टँडशिवाय काही दिसत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात गेलो तर जहाजं असतात का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : मोठी असतात, मुरगाव बारा महिने चालतं. मासेमारीच्या ट्रॉलरना मात्र १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा बैतखोलला सगळे ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले आणि माणसं जाळी शिवत बसलेली. पर्यटकांची क्रूझ जहाजं बघायची असतील तर दिवाळीनंतर जा. रेल्वेनं जायचं तर बेळगाववरनं गोवा एक्सप्रेस थेट वास्कोला उतरवते. आणि जून-जुलैत घाटात दरड कोसळते, त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी गाडी चालू आहे का ते बघूनच बॅगा भरा.